मीठ घातल्यानंतरचं काम

"आमच्या तलावात क्लोरिन नाही, मिठाचं पाणी आहे," हे वाक्य अलिबाग, कर्जत, लोणावळ्यापासून गोव्यापर्यंतच्या बंगल्यांवर हल्ली सर्रास ऐकू येतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पाहुण्यांच्या मुलांनी निर्धास्तपणे पाण्यात उतरावं, एवढंच त्याला म्हणायचं असतं. पण वाक्य चुकीचं आहे, आणि ज्या घरात ते खरं मानलं जातं तिथे पाण्याची तपासणी हळूहळू बंद पडते. मिठाच्या तलावातही जंतू मारतं ते क्लोरिनच. ते डब्यातून येत नाही, पंपाच्या खोलीत पाइपवर बसवलेल्या सेलमध्ये पाण्यातल्याच मिठापासून तयार होतं, इतकाच फरक. सेल बसवून झाला, मिठाच्या गोणी रिकाम्या झाल्या, बसवणारा माणूस हिशेब घेऊन गेला, त्यानंतर जे काम उरतं त्याबद्दल हे पुस्तक आहे.

ते काम बहुतेक वेळा मालक करत नाही. मालक मुंबईला किंवा पुण्याला असतो, शनिवारी येतो. रोज पाण्याजवळ असतो तो केअरटेकर. बाग, पंप, इन्व्हर्टर, कुत्रा या सगळ्यांबरोबर तलावही त्याच्याकडेच असतो, आणि त्याला मिळालेलं प्रशिक्षण म्हणजे "पाणी हिरवं वाटलं की दोन मग टाक" इतकंच. कशाचे दोन मग, किती लिटर पाण्याला, आधी काय तपासून, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि ती बंगल्याच्या कपाटात पडून राहते. हे ज्ञान त्याच्या भाषेत, त्याच्या हातात असायला हवं. त्यासाठीच हे पुस्तक मराठीत लिहिलं.

आधी सेलमध्ये काय घडतं ते पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. घरगुती मिठाच्या तलावात लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम मीठ पुरतं, म्हणजे समुद्राच्या साधारण दहावा भाग. हे पाणी टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जातं आणि त्या पट्ट्यांतून एकदिश प्रवाह सोडलेला असतो. धन पट्टीपाशी क्लोरिन तयार होतं, ऋण पट्टीपाशी हायड्रोजनचे बुडबुडे आणि कॉस्टिक. क्लोरिन लगेच पाण्यात विरघळून त्याचं हायपोक्लोरस आम्ल बनतं, आणि खरं जंतुनाशक तेच. जंतूंवर, घामावर, शेवाळावर काम करून झालं की क्लोरिनचं पुन्हा क्लोराइड होतं, म्हणजे ते परत मिठात जमा होतं. म्हणून मीठ खर्च होत नाही. उडालेल्या पाण्याबरोबर, फिल्टरच्या बॅकवॉशमध्ये आणि पावसाळ्यात काठावरून वाहून जातं तेवढंच कमी होतं.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरिन मिळतं, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ठाऊक झालं होतं. अडचण पट्ट्यांची होती. क्लोरिनसमोर धन पट्टी फार काळ टिकत नसे. १९६० च्या दशकात हेन्री बेअर यांनी टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप देण्याची पद्धत शोधली आणि क्लोरिनचे मोठमोठे कारखाने त्यावर आले. घराच्या मागच्या अंगणात बसेल एवढा सेल शक्य झाला तो त्याच लेपामुळे. पुढच्या दोन दशकांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या घरांनी तो सर्वांत आधी आपलासा केला. आपल्याकडे तो अलीकडेच आला, आणि येताना "देखभाल नको" ही जाहिरात सोबत घेऊन आला. माझं या जाहिरातीशी भांडण आहे.

सेलला एकच काम येतं, क्लोरिन तयार करणं. तासाला २० ग्रॅम क्लोरिन करणारा सेल आठ तास चालला तर १६० ग्रॅम क्लोरिन झालं. ५०,००० लिटरच्या तलावात ते लिटरमागे ३.२ मिलिग्रॅम, म्हणजे ३.२ पीपीएम भरतं. हे पुरेसं आहे का? एप्रिलमधल्या उन्हात, दहा मुलं पोहून गेल्यावर, पाण्याचा सामू (पीएच) ८ वर गेलेला असताना उत्तर वेगळं, आणि डिसेंबरमध्ये रिकाम्या बंगल्यावर वेगळं. यंत्राच्या डब्यावर मिठाचा आकडा आणि टक्क्यांचा आकडा दिसतो. पाण्यात प्रत्यक्ष किती मोकळं क्लोरिन शिल्लक आहे, सामू किती, क्षारता किती, पाणी जड आहे की हलकं, हे साध्या यंत्राला कळत नाही. महागड्या यंत्रांना सामूचे आणि क्लोरिनचे संवेदक असतात, पण तेही हाताने केलेल्या तपासणीशी ताडून पाहावे लागतात.

तपासणी आपल्या गावांना नवी नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि मग नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब घालून पिवळा रंग येतो का ते पाहतो. अनेक केअरटेकरांनी ही ओटी टेस्ट गावात पाहिलेली असते, म्हणून त्यांच्याशी बोलताना मी तिथूनच सुरुवात करतो. पिण्याच्या पाण्यात क्लोरिन आहे की नाही एवढंच पाहायचं असतं, त्यामुळे तिथे ओटी चालून जाते. तलावात मात्र मोकळं क्लोरिन आणि घाम-मूत्रातल्या नत्राशी बांधलं गेलेलं क्लोरिन यांतला फरक कळावा लागतो, आणि तो पिवळा रंग हा फरक नीट दाखवत नाही. तलावावर जो नाकात जाणारा वास येतो, तो या बांधलेल्या क्लोरिनचा, क्लोरामिनचा असतो. वास आला की लोक म्हणतात, क्लोरिन जास्त झालं, सेल बंद कर. खरं तर मोकळं क्लोरिन कमी पडलेलं असतं. नेमक्या त्या वेळी सेल बंद केला तर पाणी आणखी बिघडतं.

हा फरक दाखवणारी डीपीडी चाचणी १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या आर्थर पेलिन यांनी मांडली. गोळी किंवा थेंब टाकले की मोकळ्या क्लोरिनमुळे पाणी गुलाबी होतं. पुढचा थेंब टाकल्यावर गुलाबी आणखी गडद झालं तर तेवढं बांधलेलं. या चाचणीतला एक धोका प्रत्येकाने लक्षात ठेवावा. क्लोरिन खूपच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकून जातो आणि पाणी रंगहीन राहतं. ते पाहून "क्लोरिन शून्य" असं समजून आणखी ओतलं जातं. शंका आली तर नमुन्यात तेवढंच बाटलीबंद पाणी मिसळून पुन्हा तपासावं आणि आलेला आकडा दुप्पट करावा.

आता स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्यालाच दिलं आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. कडक उन्हात उघड्या पाण्यातलं मोकळं क्लोरिन तासाभराच्या आत निम्मं होतं. सायन्युरिक ॲसिड क्लोरिनला सैलसर धरून ठेवतं, त्यामुळे ऊन त्याला लवकर तोडू शकत नाही. पण धरून ठेवलेलं क्लोरिन त्या क्षणी जंतूंवर काम करत नसतं. हा समतोल जे. ई. ओब्रायन, जे. सी. मॉरिस आणि जे. एन. बटलर यांनी १९७४ मध्ये आकड्यांत मांडला, तरी अजूनही अनेक ठिकाणी "क्लोरिन १ ते ३ ठेवा" एवढाच सरसकट नियम सांगितला जातो. किती क्लोरिन पुरे, हे स्टॅबिलायझर किती आहे त्यावर ठरतं. मिठाच्या तलावासाठी चालणारा ढोबळ हिशेब असा, की मोकळं क्लोरिन स्टॅबिलायझरच्या साधारण ५ टक्के तरी असावं. स्टॅबिलायझर ७० असेल तर क्लोरिन ३.५. तोच आकडा १५० वर गेला असेल तर ७.५ लागेल, आणि लहान सेलला ते रोज पुरवणं जड जातं. पाणी गढूळ होतं, दोष सेलला दिला जातो.

स्टॅबिलायझर इतका वाढतो कसा? पूर्वी त्या तलावात ट्रायक्लोरच्या गोळ्या वापरल्या गेल्या असतील तर त्यांतून. या गोळ्यांमधून मिळणाऱ्या दर १० पीपीएम क्लोरिनमागे साधारण ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात राहतं, आणि ते बाष्पाबरोबर उडत नाही. गोळ्यांचा तलाव मिठाचा करताना पहिली तपासणी याचीच व्हायला हवी. सेल स्वतः स्टॅबिलायझर वाढवत नाही, हा त्याचा खरा मोठा फायदा. जाहिरातीत तो सहसा नसतो.

सामूचं दुखणं मिठाच्या तलावात वेगळं असतं: तो सतत वर चढतो. "सेल कॉस्टिक बनवतो म्हणून" हे नेहमीचं उत्तर अर्धवट आहे. तयार झालेलं क्लोरिन काम करून पुन्हा क्लोराइड होतं तेव्हा तेवढंच आम्ल मोकळं होतं आणि कॉस्टिकचा हिशेब जवळपास फिटतो. सामू चढतो तो मुख्यतः कर्बवायू उडून गेल्यामुळे. सोड्याच्या बाटलीतून गॅस निघतो तसा. हायड्रोजनचे बारीक बुडबुडे, धबधबे, कारंजी, काठावरून सांडणारं पाणी यांमुळे तो आणखी वेगाने निघतो. पाण्याची क्षारता जितकी जास्त, तितका निघून जायला कर्बवायू जास्त. म्हणून जिथे दर दोन दिवसांनी आम्ल ओतावं लागतं तिथे आधी क्षारता मोजावी. ती १५० असेल तर ६० ते ८० च्या दरम्यान आणावी. आम्लाचा खप आपोआप उतरतो. ५०,००० लिटरच्या तलावात क्षारता १० पीपीएमने उतरवायला बाजारात मिळणारं साधारण ३१ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड सुमारे एक लिटर लागतं. आणि तेवढीच चढवायची तर खाण्याचा सोडा सुमारे ८४० ग्रॅम.

सामू ७.५ च्या आसपास असेल तर निम्मं मोकळं क्लोरिन कामाच्या रूपात असतं आणि ८ ला गेला की जेमतेम पाव, हा तक्ता बहुतेक पुस्तकांत असतो. तो स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्याचा आहे. स्टॅबिलायझर असेल तर फरक बराच सौम्य होतो. तरीही सामूवर लक्ष ठेवायचं ते डोळ्यांसाठी आणि पुढे सांगतो त्या चुन्यासाठी.

दख्खनच्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं, कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीचं हलकं आणि किंचित आंबट. एकाच मुंबईकर मालकाचा एक बंगला शिरूरकडे आणि एक गुहागरला असेल तर दोन्ही तलावांना एकच नियम लावता येत नाही. जड पाणी चुना सोडतं. तो सर्वांत आधी बसतो सेलच्या ऋण पट्टीवर, कारण तिथे सामू सर्वांत वर असतो. हलकं पाणी चुन्याला भुकेलेलं असतं आणि ते फरशीच्या सांध्यांतलं ग्राउट, प्लास्टर यांतून तो काढून घेतं. पाणी या दोन टोकांच्या मध्ये कुठे आहे हे सांगणारा निर्देशांक कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्फ्रेड लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये दिला. त्यांना शहराच्या नळांची चिंता होती, तलावांची नाही. सामू, तापमान, जडपणा, क्षारता आणि एकूण क्षार हे पाच आकडे एकत्र घेतले की उत्तर निघतं. ते शून्याच्या आसपास, उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये असावं. सायन्युरिक ॲसिडही क्षारतेच्या चाचणीत धरलं जातं, म्हणून हिशेबापूर्वी क्षारतेच्या आकड्यातून स्टॅबिलायझरचा साधारण तिसरा हिस्सा वजा करावा. बाजारातले अनेक तक्ते ही वजाबाकी सांगत नाहीत.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट शांतपणे घडत राहते. ३५ चौरस मीटरच्या तलावातून दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडालं तर २०० लिटरच्या वर गेलं. ते भरून काढायला ४०० पीपीएम जडपणाचं बोअरचं पाणी घातलं. उडालं ते निव्वळ पाणी, आलं ते चुन्यासकट. दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास चुना वाढला, म्हणजे ५०,००० लिटरमध्ये महिन्याला जवळपास ५० पीपीएम. फेब्रुवारीत व्यवस्थित असलेलं पाणी मे अखेरीस सेल पांढरा करून ठेवतं आणि यंत्र "मीठ कमी" असा दिवा लावतं. मीठ कमी नसतंच. पट्ट्यांवर चुन्याचा थर बसला की प्रवाह घटतो आणि यंत्राला ते मीठ कमी झाल्यासारखं दिसतं. अशा वेळी गोणी ओतण्याआधी मीठ वेगळं मोजावं आणि सेल उघडून पाहावा. जास्त झालेलं मीठ काढण्याचा मार्ग एकच: पाणी सोडून देऊन नवं भरणं. मे महिन्यात टँकरने पाणी आणणाऱ्या गावात तसं करणं मला बरोबर वाटत नाही.

मग जून येतो आणि सगळं उलटं होतं. अलिबागला वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. तलाव सरासरी १.४ मीटर खोल आहे, उघडा आहे, काठोकाठ भरलेला आहे, असं धरा. पडणारा प्रत्येक थेंब मिसळून तेवढंच पाणी बाहेर काढत राहिला तर हंगामाच्या शेवटी मूळ पाण्याचा साधारण पाव हिस्सा उरतो. लोणावळ्याच्या चार मीटरहून जास्त पावसात तर काही टक्केच. मीठ, स्टॅबिलायझर, जडपणा सगळं बरोबर जातं. म्हणून आमच्याकडच्या मिठाच्या तलावाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं असं समजावं. सगळ्या चाचण्या नव्याने करायच्या, आणि मीठ मागच्या वर्षीच्या आठवणीवरून ओतायचं नाही. हिशेब सोपा आहे: १,००० लिटरला १ किलो मीठ म्हणजे १,००० पीपीएम. ५०,००० लिटरमध्ये आकडा ८०० आला आणि ३,२०० हवा असेल तर १२० किलो. त्यातलं तीन चतुर्थांश आधी घालावं, पंप दिवसभर फिरवावा, पुन्हा मोजावं, मग उरलेलं.

कुठलं मीठ, हा प्रश्न किनाऱ्यावर हमखास येतो. पेण-उरणकडच्या मिठागरांचं खडे मीठ हाताशी असतं, स्वस्त असतं, आणि ते आपल्या माणसांनी पिकवलेलं असतं. तरी सेलच्या तलावात ते घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि थोडी माती येते. ती पट्ट्यांवर आणि फरशीवर दिसते. शुद्ध केलेलं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही न मिसळलेलं, आयोडीन नसलेलं मीठ घ्यावं.

चाचणी कशी घ्यावी, यावर तपशिलात एक प्रकरण आहे. इथे एवढंच सांगतो, की चुकीच्या औषधापेक्षा चुकीचा नमुना जास्त नुकसान करतो. नमुना कोपरभर खोलीतून घ्यायचा, पाणी परत येतं त्या तोंडापासून दूर, पंप काही वेळ चाललेला असताना. नळी त्याच पाण्याने विसळायची. ढवळताना तोंडावर बोट ठेवायचं नाही, घामाने सामूचा रंग बदलतो. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहायचा, ट्यूबलाइटखाली नाही. आणि थेंबांच्या बाटल्या पंपाच्या खोलीत ठेवायच्या नाहीत. तिथल्या उष्णतेत आणि क्लोरिनच्या वाफेत त्या तारखेआधीच निकामी होतात. घरातलं सावलीतलं कपाट त्यांची जागा.

सुरक्षिततेचं प्रकरण मालकांनी आधी वाचावं ही माझी विनंती आहे. केअरटेकर उघड्या हातांनी, चप्पल घालून, आम्लाचा कॅन कमरेवर टेकवून ओतताना दिसतो. चष्मा आणि हातमोजे देणं मालकाचं काम आहे, आणि त्याची किंमत एका मिठाच्या गोणीइतकीही नाही. पातळ करायचं असेल तर पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत, किंवा ट्रायक्लोर आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात, कधीही नाही. पहिल्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो, दुसऱ्यात आग लागू शकते. सेलचा फ्लो स्विच बिघडला म्हणून तार जोडून तो चालू ठेवणारे मिस्त्री भेटतात. पाणी वाहत नसताना सेल चालला तर त्यात हायड्रोजन साठतो, आणि सेल फुटल्याच्या घटना त्यातूनच होतात. नवा स्विच येईपर्यंत सेल बंद ठेवावा.

बॅकवॉशचं पाणी कुठे जातं, हे बंगला बांधताना फारसं कुणी विचारत नाही. लिटरमागे तीन ग्रॅमहून जास्त मीठ असलेलं पाणी आंब्याच्या, सुपारीच्या मुळाशी गेलं तर झाड सुकतं. शेजारच्या भातखाचरात किंवा विहिरीकडे गेलं तर ते नुकसान आपलं उरत नाही, शेजाऱ्याचं होतं. बॅकवॉशची वाट आणि पावसाळी ओसंडीची वाट आधी आखून घ्यावी, विहीर आणि शेत टाळून.

पुस्तक पहिल्या पानापासून ओळीने वाचण्याची गरज नाही, फक्त पहिलं प्रकरण कुणी वगळू नये. त्यात तलावात नेमके किती लिटर पाणी आहे हे मोजायला शिकवलं आहे, कारण पुढचा प्रत्येक डोस त्या आकड्यावर उभा आहे आणि बांधणाऱ्याने सांगितलेला आकडा अनेकदा ढोबळ असतो. त्यानंतर बोअर किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांनी जडपणाचं प्रकरण घ्यावं, जांभ्याच्या विहिरीवाल्यांनी लँगेलिअरचं, आणि ज्यांच्या तलावात आधी गोळ्या पडल्या आहेत त्यांनी स्टॅबिलायझरचं. तपासणीचा नियम असा: क्लोरिन आणि सामू आठवड्यातून दोन-तीनदा, क्षारता आठवड्याला, मीठ, स्टॅबिलायझर आणि जडपणा महिन्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर. आकडे तारखेसह वहीत लिहावेत, आणि मालकाने शनिवारी आल्यावर ती वही केअरटेकरच्या शेजारी बसून वाचावी.